शिफ्टवरची करंगळी

पास झालेलं पोर जिना धावत चढतं आणि नापास झालेलं चढतच नाही, हे सव्वीस वर्षांत सुनीतीच्या कानांना पाठ झालं होतं. म्हणून त्या सोमवारी संध्याकाळचे सहा वाजले तरी जिना गप्पच राहिला, तेव्हा तिने निकाल विचारायला कुणाला फोन केला नाही.

आतल्या खुर्चीतून शालिग्राम सरांनी विचारलं, "पोट्टी आली का वं?"

"नाही, सर."

"मंग गेली," सर म्हणाले. रात्री त्यांनी ताट तसंच परत पाठवलं, असं दुसऱ्या दिवशी त्यांच्या स्वयंपाकाच्या कांताबाईने सांगितलं.

सरांचं टायपिंग इन्स्टिट्यूट रायपूरच्या बुढापाऱ्यात, तलावाकडून आत येणाऱ्या गल्लीत, वह्या-पुस्तकांच्या दुकानाच्या वर होतं. पुढच्या मोठ्या खोलीत दहा टाइपरायटर, मागच्या लहान खोलीत दोन संगणक. सर पुरानी बस्तीतल्या जुन्या मराठी घरातले, नागपूरच्या भोसल्यांच्या फौजेबरोबर आलेल्यांपैकी. सुनीती रेल्वेतल्या बाबूची मुलगी, वर्ध्याहून बदलीबरोबर आलेली. विसाव्या वर्षी शिकायला आली आणि शिकवायला राहिली. लग्नाचं तेवढं राहून गेलं. राहून गेलेल्याची ती फार चौकशी करत नसे.

रायपूर राजधानी झालं तशा शहरात कचेऱ्याच कचेऱ्या उगवल्या. शाळेत, धर्मशाळेत, जुन्या बंगल्यांत, जिथे भिंत मिळेल तिथे पाटी. आणि कचेरी म्हटली की टंकलेखक आलाच. पहिली तीन वर्षं सरांकडे इतकी पोरं आली की जिन्यात चपला ठेवायला जागा नसे. त्या वेळी भरतीची परीक्षा टाइपरायटरवर होई, आणि सरांचं पोर नापास झालंय असं ऐकिवात नव्हतं.

मग एका मोठ्या कचेरीने परीक्षा संगणकावर नेली. संगणकही साधे नव्हेत, लिनक्सवर चालणारे. ही फुकटात मिळणारी प्रणाली, त्यामुळे नव्या सरकारी खोल्यांत ती आवडीने बसवली गेली. तेव्हापासून त्या कचेरीच्या परीक्षेत सरांचं एकही पोर पास झालं नाही. गेल्या वर्षी चार बसली, चारही गेली. कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर सेंटरमधली, कळा बघून बघून बडवणारी पोरं मात्र पास होत होती. लोक म्हणायला लागले, म्हाताऱ्याचा हात गेला.

गेल्या वर्षीच्या चौघांत मीनल होती. तिच्यासारखी बोटं सुनीतीने दुसऱ्या कुणाची पाहिली नव्हती. परीक्षेहून येऊन ती याच खोलीत उभी राहून म्हणाली होती, "सर, कळा दाबत होते, पण काही उमटतच नव्हतं." आणि सर म्हणाले होते, "मशीनले काहून दोष देतं? घंटी वाजली आन् तू घाबरली. भित्री पोट्टी." मीनलने मान खाली घातली. दुसरी संधी होती, ती घेतलीच नाही. आता ती अभनपूरला सासरच्या बियाण्याच्या दुकानात गल्ल्यावर बसते.

आणि आता स्वरदा.

मंगळवारी सुनीती स्वतःच पुरानी बस्तीत तिच्या घरी गेली. स्वरदाची आई चहा टाकायला आत गेली आणि पोरगी पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसून राहिली. मराठी तिला सगळं कळे, पण उत्तर हिंदीतच येई.

"काय झालं ते पहिल्यापासून सांग," सुनीती म्हणाली. "मी ओरडायला नाही आली."

"दीदी, घंटी बजी, मैंने शुरू किया, और स्क्रीन पे कुछ नहीं. एक लाइन मार दी, कुछ नहीं."

"मग?"

"हाथ उठाया. सुपरवाइजर आए. एक उँगली से ए दबाया, ए आ गया. बी दबाया, बी आ गया. बोले, बेटा मशीन ठीक है, तुम घबरा रही हो. वो गए, मैंने फिर चालू किया, फिर कुछ नहीं." ती थांबली. "मीनल दीदी के साथ भी यही हुआ था न?"

"हव," सुनीती म्हणाली. "पंधरा दिवसांनी तुझी दुसरी संधी आहे. उद्या ये."

"नहीं आऊँगी. दूसरी के बाद तीसरी नहीं देते. फिर वही हुआ तो?"

आईने आणलेला चहा संपवून सुनीती उठली.

परत आल्यावर ती मागच्या खोलीत शिरली. संगणक ती कुणाकडून शिकली नव्हती. चारुदत्त भाऊ, रेल्वेच्या कचेरीतले, त्यांनी परीक्षेच्या कचेरीत आहे तीच लिनक्सची सीडी आणून दोन्ही यंत्रांत टाकून दिली होती. पुढचं सगळं तिने चुकत चुकत आणि वहीत लिहून ठेवत पाठ केलं. आता तिने तीच वही काढली आणि एकेक करून तपासायला घेतलं. कीबोर्ड उलटा करून झटकला. त्यातून पेन्सिलीचा भुगा आणि एक मुरमुरा पडला. वायर बदलून पाहिली. या यंत्राचा कीबोर्ड त्याला, त्याचा याला. कळांची मांडणी इंग्रजीचीच आहे ना, मधेच हिंदी होत नाही ना, ते पाहिलं. दाबलेली प्रत्येक कळ यंत्रापर्यंत पोचते की नाही हे दाखवणारी एक छोटी खिडकी असते, ती उघडून सगळ्या कळा दाबल्या. सगळ्या पोचत होत्या.

बुधवारी चारुदत्त आले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी उजव्या हाताची तर्जनी एकेका कळीवर ठेवली आणि दाराची बेल दाबावी तशी दाबली.

"ताई, कीबोर्ड ठणठणीत आहे."

"तेच तर रडं आहे, भाऊ. सुपरवायझरही हेच म्हणाला."

"मग पोरगीच घाबरली असंल."

"पाच पोरं? आणि घाबरून बोटं चुकतात, भाऊ. गायब नाही होत."

चारुदत्तांनी चष्मा खाली ओढला. "तिथे आणि इथे फरक काय ते पाहा. प्रणाली तीच, कीबोर्ड तसाच. उरलं काय?"

ते गेल्यावर सुनीती बराच वेळ त्या प्रश्नाशी बसली. पोरं या खोलीत येतात, आपल्या आपण बसतात, उतारा मारतात, उठून जातात. कुणी पास-नापास म्हणत नाही. कुणी घड्याळ लावत नाही. घंटी मागच्या खोलीत कधी वाजलीच नव्हती.

घंटी सरांची होती. टेबलावरची, डोक्यावर थाप मारायची पितळी घंटी. शनिवारी सकाळी पुढच्या खोलीत दहा पोरं टाइपरायटरवर बसत आणि सर सराव घेत. ती वेळ आणि ती घंटी, दोन्हींना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असा नियम होता. सर सावकाश, एकेक शब्द सोडत म्हणत, "कागद सरळ. पाठ सरळ. नजर उताऱ्यावर. करंगळी."

करंगळी म्हटलं की दहा डाव्या करंगळ्या शिफ्टच्या कळीवर उतरत, कागद धरणारे दहा जड कॅरेज एकदम वर उचलले जात आणि खोलीत एकच 'खट्' होई. मग शांतता. सर ती शांतता लांबवत. मग घंटी. उताऱ्याचं पहिलं अक्षर नेहमी मोठं. त्यासाठी शिफ्ट दाबून कॅरेज चढवावा लागे. ज्याने तो आधीच चढवून धरला, त्याचा पहिला फटका घंटीबरोबर पडे. बाकीची पोरं कॅरेज चढण्याची वाट बघत तोवर सरांची पोरं दुसऱ्या शब्दावर. ही सरांनी तरुणपणी स्वतः काढलेली युक्ती. पहिल्या दिवशी प्रत्येक पोराची करंगळी ते आपल्या हाताने धरून त्या कळीवर ठेवत. सुनीतीचीही ठेवली होती.

गुरुवारी दुपारी ती सरांच्या खुर्चीजवळ गेली. काचबिंदूने सरांची नजर सावल्यांपुरती उरली होती. उजव्या हाताला कंप होता. एक कळ दाबायला जावं तर पाच वेळा दाबली जाई, म्हणून चार वर्षांत त्यांनी कळीला हात लावला नव्हता. कान मात्र तलावाच्या पलीकडची सायकल ओळखत.

"सर, मले एकदा घंटी देता का?"

"तुले? परीक्षेले बसून राहिली का या वयात?"

"मागच्या खोलीत बसते. तुम्ही शनिवारसारखं घ्या."

"त्या खोलीत मी येत नाही, तुले माहीत आहे."

"तुम्ही दारात बसा. खोलीत मी राहीन."

सर हसले नाहीत, पण उठले. तिने त्यांची खुर्ची दारात लावली, घंटी मांडीवर दिली आणि संगणकासमोर जाऊन बसली. स्वतःचं शिकणं संपल्यापासून ती त्या आवाजाखाली पहिल्यांदाच बसत होती, आणि गंमत म्हणजे सरांनी सांगायच्या आधीच तिची पाठ सरळ झाली.

"कागद सरळ," सर म्हणाले. "पाठ सरळ. नजर उताऱ्यावर. करंगळी."

तिने काही ठरवलं नाही. करंगळी आपली आपण खाली गेली. तलावाकडच्या रस्त्यावरून एक स्कूटर गेली, दुकानात कुणी वह्यांचा गठ्ठा आपटला, सर शांतता लांबवत राहिले. मग घंटी वाजली आणि तिची बोटं सुटली.

पडद्यावर काही नव्हतं.

तिने थांबवलं नाही. आख्खा उतारा मारला, ओळीमागून ओळ. कळा नीट खाली जात होत्या, नीट वाजत होत्या, आणि पडदा कोऱ्या कागदासारखा तिच्याकडे बघत होता. दारात सर डोळे मिटून मान डोलवत होते.

"एक चूक नाही," ते म्हणाले. "तुह्या हातात अजून दम आहे, सुनीती. ऐकून जीव गार झाला."

ती कोऱ्या पडद्याकडे बघत म्हणाली, "हव, सर."

मग तिने चारुदत्तांसारखं केलं. एक बोट, एक कळ, बेलसारखी दाबून. अक्षर आलं. झपकन मारली, नाही आलं. दाबून धरली, आलं. सरांना पुढच्या खोलीत बसवून, पाणी देऊन परत आली तर कीबोर्ड पुन्हा शहाण्यासारखा चालत होता.

उत्तर त्याच संध्याकाळी सापडलं, आणि तेही जिथे ती कधी गेलीच नव्हती तिथे. यंत्राच्या मांडणीत अपंगांसाठीच्या सोयींचं एक पान असतं. हे आपल्यासाठी नाही म्हणून तिने ते वहीत घेतलंच नव्हतं. तिथे लिहिलं होतं की ज्यांचा हात थरथरतो त्यांच्यासाठी यंत्र धीर धरू शकतं: ओझरता स्पर्श सोडून द्यायचा, कळ दाबून धरली तरच मोजायची. ही सोय चालू करायला शिफ्ट आठ सेकंद दाबून धरा. चालू होताना यंत्र शिट्टी देईल. दोन मिनिटं कुणी हात लावला नाही तर सोय आपली आपण बंद होईल.

शिट्टी. ती शिट्टी सरांच्या कानाला खुपत होती म्हणून दोन वर्षांपूर्वी सुनीतीनेच यंत्राच्या पोटातली तार ओढून काढली होती. परीक्षेच्या खोलीत चाळीस यंत्रं. तिथेही कुणी तेच केलं असणार. यंत्र बिचारं सांगायला निघालं होतं, तोंड आपणच बांधलं.

आणि सरांची पोरं घंटीची वाट बघत करंगळी आठ सेकंदांहून जास्तच दाबून धरत. म्हणजे कळा बघून बडवणारी, बोट रुतवून दाबणारी पोरं पास होणार. सुपरवायझरच्या एका बोटाला सगळं दिसणार. आणि सरांनी घडवलेलं पोर, जितकं चपळ तितकं कोरं राहणार.

स्वरदाला गुपचूप सांगून टाकावं, असं तिच्या मनात आलं. पण सांगून काय होणार? तिची स्वतःची करंगळी न विचारता खाली गेली होती. सरांच्या आवाजाने बसलेली सवय सरांच्याच आवाजाने उठली तर उठणार.

शुक्रवारी सकाळी तिने सांगितलं. खुर्चीजवळ स्टूल घेऊन, काही न गाळता. मांडीवरच्या घंटीवर सरांचा उजवा हात थरथरत होता, त्यामुळे सांगत असताना घंटी बारीक किणकिणत राहिली.

"म्हणजे मशीनच्या पोटात खोड आहे," सर म्हणाले. "कचेरीले अर्ज कर."

"काल संध्याकाळीच फोन केला. म्हणतात, मशीन ठीक आहे. आणि खोड नाही ती, सर. सोय आहे."

"कोणाची सोय?"

"हात थरथरणाऱ्यांची."

सरांनी डावा हात उजव्यावर ठेवला. घंटी थांबली. "काल तू मारलं ते?"

"काही उमटलं नव्हतं."

"आन् मी एक चूक नाही म्हटलं."

"चूक नव्हतीच, सर. तुम्ही बरोबर ऐकलं."

"मले शिकवू नको." आवाज चढला नव्हता, पण तिला विसाव्या वर्षासारखं वाटलं. "चाळीस वर्षं ही करंगळी खाली राहिली. उद्याही राहीन. ज्याले पटत नसंल त्यानं कोपऱ्यावर जावं."

ती उठली. जिन्यापर्यंत गेली, एक पायरी उतरली, आणि परत वर आली.

"मीनल घाबरली नव्हती, सर," ती म्हणाली. आणि मग गेली.

शनिवारी सुनीती साडेसातलाच आली. आदल्या संध्याकाळी पुन्हा पुरानी बस्तीत जाऊन तिने स्वरदाला सगळं सांगितलं होतं. पोरगी आली होती, पण जिन्यातच उभी होती. "सर डाँटेंगे?" तिने विचारलं. "बहुतेक," सुनीती म्हणाली. "चल."

वर आल्यावर दोघी थबकल्या. सर आधीच येऊन बसले होते. दहा टाइपरायटरांच्या खोलीत नव्हे, मागच्या खोलीच्या उंबरठ्याच्या आत, संगणकांमधल्या जागेत. कांताबाई दाराशी पदराने वारा घेत होती. "पाच वाजतापासून तयार आहेत," ती म्हणाली. "चहाही नाही घेतला."

"कोण आहे सोबत?" सरांनी विचारलं.

"स्वरदा."

"बस."

स्वरदा यंत्रासमोर बसली. पुढच्या खोलीत आलेली पोरं दारात गोळा झाली. सरांनी घंटीवर हात ठेवला.

"कागद सरळ," ते म्हणाले. इथे कागद नव्हता, पण कुणी हसलं नाही. "पाठ सरळ. नजर उताऱ्यावर."

यानंतरचा शब्द सगळ्यांना माहीत होता. सुनीतीला स्वरदाची डावी करंगळी दिसत होती. ती कळीपासून दोऱ्याएवढ्या अंतरावर ताठ उभी होती.

सर थांबले. ते इतके थांबले की दारातल्या एका पोराने पाय बदलला.

"हात मांडीवर," सर म्हणाले.

स्वरदाने हात मांडीवर घेतले. पुन्हा शांतता, तीही सरांनी लांबवली, जुन्या मापाची. मग घंटी वाजली. बोटं वर आली, पहिलं अक्षर अर्धा क्षण उशिरा पडलं, आणि पडदा भरायला लागला. सर डोळे मिटून ऐकत होते. कोरा आणि भरलेला, दोन्ही पडदे कानाला सारखेच वाजतात, हे आता त्यांना माहीत होतं.

"उमटून राहिलं का?" त्यांनी हळूच विचारलं.

"हव, सर. सगळं."

"तिसऱ्या ओळीत एक चूक आहे."

सुनीतीने पाहिलं. होती.

सराव तीन वेळा झाला.  पोरं गेल्यावर सुनीती त्यांना उठवायला गेली, तर ते उठले नाहीत.

"मीनलची दुसरी संधी आहे का अजून?"

"या वर्षाच्या शेवटापर्यंत."

"तिले लिहायचं आहे."

"सांगा, मी टाइप करते. नाहीतर अभनपूरला फोन लावून देते."

"भित्री मी म्हटलं," सर म्हणाले. "सांगणार मीच." मग, जणू दुसऱ्या कुणाबद्दल विचारत आहेत असं, "ती सोय चालू कर. हात थरथरणाऱ्यांची."

तिने चालू केली आणि खुर्ची पुढे सरकवली. चार वर्षांनी सरांचे हात कळांवर आले. उजवा हात आल्या आल्या थरथरला, तीन-चार कळांना लागला. यंत्राने त्यातली एकही मोजली नाही. व्यवहाराचं पत्र इंग्रजीत लिहायचं, ही सरांची जुनी रीत. म्हणजे पहिलं अक्षर मीनलचा एम, आणि तोही मोठा.

डावी करंगळी शिफ्टवर उतरली. ती अजून भक्कम होती. उजवी तर्जनी एम शोधत निघाली.

शिफ्ट आठ सेकंद धरली की ही सोय जशी चालू होते तशी बंदही होते, हे सुनीतीने सरांना सांगितलं नव्हतं. आता सांगायला वेळ नव्हता. तिने मनात मोजायला सुरुवात केली. तीन. बोट एनवर घुटमळलं. चार. पुढे सरकलं. पाच. कंप आला, सरांनी श्वास रोखून तो जाऊ दिला. सहा. तिचा हात त्यांच्या हाताकडे गेला आणि तिने तो मागे घेतला. सात.

पडद्यावर एम आला. एकच.

"आलं?"

"आलं, सर."

सरांनी करंगळी उचलली आणि पुढचं अक्षर शोधायला लागले.